कळविण्यात येते की…

१५ मार्च २०२४ हा शुक्रवार होता. लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता दुसऱ्याच दिवशी लागली. आचारसंहितेच्या तोंडावर मंत्रालयातून शासन निर्णयांचा कसा पाऊस पडतो, हे महाराष्ट्राला नवं नाही. त्या दिवसाची तारीख असलेले शालेय शिक्षण विभागाचे दोन कागद शिक्षकांच्या फोनवर येऊन पडले. एकात शिक्षकांनी काय घालावं ते सांगितलं होतं. बाईंनी साडी किंवा सलवार-कुडता-दुपट्टा, सरांनी शर्ट-पँट आणि शर्ट खोचलेला. जीन्स नको, टी-शर्ट नको. शिवाय डॉक्टर-वकिलांसारखं नावाआधी एक अक्षर लावायचं, मराठीत ‘टि’. दुसरा कागद संच मान्यतेचा. कुठल्या शाळेत किती पटाला किती शिक्षक मिळतील याचे निकष त्यात बदलले होते. सहावी ते आठवीचा पट वीसच्या खाली गेला तर तिथे शिक्षकाचं पदच मंजूर होणार नाही, हा त्यातला सर्वांत जड भाग.

गाजला तो पहिला. ‘टि’ लावून एकमेकांना हाका मारून झाल्या, बाह्या दुमडलेला शर्ट चालतो का यावर वाद झाले. दुसऱ्या कागदाने माणसांच्या नोकऱ्या हलणार होत्या, पण तो होता तक्त्यांचा आणि मुद्दे-उपमुद्द्यांचा. तो वाचायला सवड हवी होती. त्याहीपेक्षा, कुणीतरी तो आधी वाचून त्यातलं आपल्या शाळेला काय लागू होतं हे चार ओळींत लिहून द्यायला हवं होतं.

असं लिहून देण्याची शाळेत एक जागा असे. सूचनावही.

फुलस्केप आकाराची, जाड पुठ्ठ्याची, कोपरे झिजलेली. कपाटात जनरल रजिस्टर, लॉगबुक, आवक-जावक यांच्या रांगेत हिची जागा ठरलेली, पण ती कपाटात फारशी राहतच नसे. मुख्याध्यापक किंवा पर्यवेक्षक सूचना लिहीत, खाली सही, तारीख. शिपाईमामा ती काखेत मारून वर्गावर्गात फिरत. बाई खडू ठेवून वाचत, नावासमोर सही करत आणि मामा पुढच्या वर्गाकडे वळत. ठाण्यात किंवा डोंबिवलीत मराठी शाळेत शिकलेल्या कुणालाही हे आठवेल, कारण चालू तासाला अधिकृतपणे थांबवणारी ती एकमेव गोष्ट होती. बाईंच्या चेहऱ्यावरून मजकूर ओळखायचा खेळ पहिल्या बाकापासून शेवटच्यापर्यंत चाले. बाई हसल्या तर सुट्टी. बाईंनी वर पाहून कुणाचं तरी नाव घेतलं तर फी थकलेली. काहीच न बोलता सही केली तर ती ‘स्टाफची’ सूचना, आपल्याला तिच्याशी घेणं-देणं नाही.

ही स्टाफची सूचना म्हणजेच शाळेचं अंतर्गत वर्तमानपत्र. शनिवारी सकाळची शाळा असे, आणि पुढच्या आठवड्याचं सारं बहुधा शनिवारीच लिहिलं जाई. सोमवारी घटक चाचणीचे पेपर कार्यालयात जमा करावेत. बुधवारी शाळा सुटल्यावर सभा, ‘फक्त पाच मिनिटे’ (ही पाच मिनिटं कधीच पाच नसत). गुरुवारी संस्थेचे पदाधिकारी येणार, तासिका दहा मिनिटांनी लहान. अमुक बाई प्रसूती रजेवर, त्यांचे तास कोणी घ्यायचे त्याचा तक्ता. शिष्यवृत्तीत आपली इतकी मुलं आली, संबंधित शिक्षकांचे अभिनंदन. पतपेढीचे अर्ज लिपिकांकडे उपलब्ध. आणि एखाद्या सहकाऱ्याचे वडील वारले असतील तर दोन ओळी, त्याही त्याच अक्षरात, त्याच पानावर. परीक्षेचा पेपर आणि वडिलांचं जाणं एका पानावर येतं तेव्हा ती कचेरी राहत नाही, तिथे माणसं एकत्र काम करत असतात. वहीचं हे काम तिच्या नियमांत कुठेही लिहिलेलं नव्हतं.

इथल्या शाळांची जडणघडणही ध्यानात घ्यावी लागते. ठाण्याचं मो. ह. विद्यालय किंवा बेडेकर विद्यामंदिर, डोंबिवलीचं टिळकनगर विद्यामंदिर किंवा स. वा. जोशी विद्यालय, कल्याणचं सुभेदारवाडा: ही नावं सरकारी नव्हेत. गावातल्या डॉक्टर-वकिलांनी, शिक्षकांनी, व्यापाऱ्यांनी मंडळं काढून या शाळा उभारल्या. बेडेकर विद्यामंदिर चालवणारं विद्या प्रसारक मंडळ १९३५ सालचं. महापालिकांच्याही शाळा आहेत, पण या पट्ट्यात मराठी माध्यमाचं दहावीपर्यंतचं शिक्षण मुख्यतः पेललं ते संस्थांच्या अनुदानित शाळांनी. इमारत संस्थेची, पगार सरकारचा, नोकरीचे नियम १९७७ च्या कायद्याचे आणि १९८१ च्या नियमावलीचे. त्यामुळे मुख्याध्यापकाचे मालक दोन: संस्था आणि ठाण्याला जिल्हा परिषदेत बसणारे शिक्षणाधिकारी. वरून आलेलं परिपत्रक आधी लिपिकाच्या हाती पडे. पगारबिलांसाठी, मान्यतांसाठी कल्याण-डोंबिवलीचे लिपिक ठाण्याला खेपा घालत आणि परतताना कागदांबरोबर बातम्याही आणत. आधी अफवा स्टाफरूममध्ये पोचे, मग परिपत्रक येई, आणि सगळ्यात शेवटी वहीत सूचना. या उशिराला सगळे वैतागत. पण या उशिरातच मुख्याध्यापकाचं खरं काम होतं. दहा कागदांतले सात तो स्वतःपाशीच ठेवी.

शालार्थ प्रणाली आली आणि पगारबिलं संगणकावर गेली. मग माहिती भरायची पोर्टलं: ‘सरल’, ‘यू-डायस प्लस’. करोनाच्या दोन वर्षांत शाळेचं सगळं बोलणंच फोनवर गेलं आणि परत आलं नाही. आज एका माध्यमिक शिक्षकाच्या फोनमध्ये शाळेचा गट, सत्राचा गट, विषयाचा गट, वर्गाच्या पालकांचा गट, तालुक्याचा विषय-शिक्षकांचा गट, परीक्षा केंद्राचा गट, संघटनेचा गट आणि निवडणूक असेल तर ‘झोन’चा गट नांदतात. रात्री साडेदहाला ‘अतितातडीचे’ येतं. उद्या दुपारी बारापर्यंत लिंक भरावी. माहिती नसल्यास निरंक अहवाल द्यावा. हयगय झाल्यास आपणांस व्यक्तिशः जबाबदार धरण्यात येईल. या निरंक प्रकरणाची मला फार मौज वाटते. आमच्याकडे काहीही घडलेलं नाही, हे कळवण्यासाठी माणूस रात्री जागा राहतो.

गेल्या दोन-तीन वर्षांत या वाटेने काय काय आलं ते पाहा. मुख्यमंत्री माझी शाळा सुंदर शाळा, दोन टप्पे. ‘अपार’ आयडी, त्यासाठी पालकांची संमतिपत्रं आणि आधारवरच्या नावांची जुळवणी. ४ डिसेंबर २०२४ चं ‘परख’ सर्वेक्षण, तिसरी, सहावी आणि नववीच्या वर्गांसाठी. ‘एक पेड माँ के नाम’, झाड लावल्याचा फोटो अपलोड करून. ‘परीक्षा पे चर्चा’ची नोंदणी, हर घर तिरंगा, उल्लासचं साक्षरता सर्वेक्षण. यातलं प्रत्येक काम सुटं घेतलं तर वावगं म्हणता येणार नाही. पण प्रत्येकाचं पोर्टल वेगळं आणि पासवर्डही वेगळा, आणि प्रत्येकाला पुरावा म्हणून फोटो लागतो. शिक्षण हक्क कायद्याने शिक्षकाला आठवड्याला ४५ तास काम सांगितलं आहे, त्यात वर्गाची तयारीही धरलेली आहे. त्याच कायद्याचं कलम २७ म्हणतं की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून अशैक्षणिक काम शिक्षकाला देऊ नये. राज्याने २०२४ च्या ऑगस्टमध्ये शैक्षणिक आणि अशैक्षणिक कामांची वर्गवारीही जाहीर केली. वर्गवारीचा कागदही अर्थात गटावरच आला.

निवडणूक मात्र कलमातच अपवाद म्हणून बसलेली आहे. २०२४ मध्ये ठाणे आणि कल्याण लोकसभेसाठी २० मे रोजी मतदान झालं, विधानसभेसाठी २० नोव्हेंबरला. मे म्हणजे सुट्टी, ती प्रशिक्षणांत गेली. नोव्हेंबर म्हणजे दिवाळीनंतर नुकतं उघडलेलं दुसरं सत्र. जे बीएलओ, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी आहेत त्यांना तर निवडणूक असो-नसो, याद्या घेऊन जिने चढायचेच असतात. डोंबिवलीच्या चार मजली, लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारतींची मोजदाद कुणाला हवी असेल तर त्याने बीएलओ शिक्षकाला विचारावं.

इथे एक गोष्ट कबूल करायला हवी. फोनने काही गोष्टी खरंच सोप्या केल्या, आणि ठाणे-कल्याणात त्या कुठल्याही गावापेक्षा जास्त जाणवतात, कारण इथला शिक्षक लोकलवर जगतो. शाळा ठाण्यात, घर बदलापूर, टिटवाळा किंवा आसनगावला. सकाळ सत्राची घंटा सातच्या सुमाराला, म्हणजे घरून निघणं पाचाला. वहीत लिहिलेली सूचना शाळेत पोचल्यावरच वाचता येई. पाऊस मात्र शाळेत पोचण्याआधीच गाठे. २६ जुलै २००५ च्या मंगळवारी मुंबई परिसरातल्या कितीतरी शाळांत मुलं आणि शिक्षक रात्रभर अडकून पडले. घरी कळवायला साधन नव्हतं, कारण फोन बंद आणि गाड्याही बंद. त्याच्याशी १९ ऑगस्ट २०२५ ची तुलना करा. मुसळधार पावसाचा इशारा होता, मुंबई-ठाण्यातल्या शाळांना सुट्टी असल्याचं आदल्या संध्याकाळीच जाहीर झालं आणि काही मिनिटांत ते प्रत्येक शिक्षकाच्या आणि पालकाच्या हातात होतं. कुणी पहाटे पाचाला छत्री घेऊन फलाटावर उभं राहिलं नाही. त्या दिवशी वहीचा काही उपयोग झाला नसता.

पण फोन असूनही सूचना आणि लोकल यांची चुकामूक होतेच. २०२० मध्ये ती अगदी अधिकृतपणे झाली. ऑक्टोबरअखेर निम्म्या शिक्षकांनी शाळेत हजर राहावं असा आदेश निघाला, तेव्हा लोकल फक्त अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी होती आणि शिक्षक त्यात नव्हते. प्रवासाची मुभा मिळेपर्यंत नोव्हेंबरचा मध्य उजाडला. मधल्या दिवसांत बदलापूरहून ठाण्याला शाळेत कसं जायचं, हे आदेशात लिहिलेलं नव्हतं. एसटीच्या रांगा आणि भागीत केलेल्या रिक्षा हे त्याचं उत्तर शिक्षकांनीच शोधलं.

वहीला नेमका अंत कशाने आला असं विचाराल तर मी फोनचं नाव दुसरं घेईन. पहिलं नाव ११ डिसेंबर २०२० च्या शासन निर्णयाचं. अनुदानित शाळांतली शिपाई आणि इतर चतुर्थश्रेणी पदं रिकामी होतील तसतशी भरायची नाहीत, त्याऐवजी शाळेला दरमहा ठोक ‘शिपाई भत्ता’ द्यायचा, असं त्यात ठरलं. तो निघाला करोनाच्या गडबडीत, बहुतेक शाळा बंद असताना. मामा निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी कुणी आलं नाही. भत्त्यावर येणारा माणूस झाडलोट करतो, घंटा देतो, पण तो उद्या येईल का हे त्यालाही माहीत नसतं. वही फिरवायला शाळेतला प्रत्येक माणूस ओळखणारा लागतो. कोण रजेवर आहे, कोण प्रयोगशाळेत आहे, कोणत्या बाई सही करताना चिडतात आणि कुणाला वाचून दाखवावं लागतं, हे मामांना पाठ होतं. उद्याच्या सभेचा खरा विषय काय आहे, हेही मुख्याध्यापकांच्या खालोखाल त्यांनाच ठाऊक असे.

वहीबद्दल फार हळवं होण्याचंही कारण नाही. तीच वही धाक घालायलाही वापरली जाई. ‘काही शिक्षक’ उशिरा येतात असं तिच्यात लिहिलं की ते काही कोण हे सगळ्यांना कळे आणि सगळ्यांच्या सह्या होईपर्यंत त्या माणसाची दिवसभर धिंड निघे. संस्थेच्या कार्यक्रमाला सहकुटुंब हजर राहण्याच्या ‘विनंत्या’ तिच्यातच असत. सही हा पुरावा होता, आणि पुढेमागे शाळा न्यायाधिकरणापर्यंत प्रकरण गेलं तर ती पानं दोन्ही बाजूंनी चाळली जात. म्हणूनच जुने शिक्षक सही करताना वेळही टाकत. एखादे सर सूचनेखाली ‘वाचले, सहमत नाही’ असं लिहीत, आणि ते तसंच राही. खोडता येत नसे. आज गटावर असहमती लिहिणं अवघड आहे, कारण बहुतेक शाळांचे गट ‘फक्त ॲडमिन’ बोलू शकतील असे करून ठेवलेले आहेत. दोन निळ्या खुणा म्हणजे वाचलं, आणि वाचलं म्हणजे मान्य.

सगळंच सारख्या घाईने आलं तर त्यातलं महत्त्वाचं ओळखायचं कसं, याचं उत्तर याच जिल्ह्याने फार मोठी किंमत देऊन पाहिलं. १० मार्च २०२२ ला राज्यातल्या शाळांत सखी सावित्री समित्या नेमण्याचा निर्णय निघाला होता. मुलींच्या सुरक्षिततेसाठी, तक्रार ऐकणारं शाळेत कुणी असावं म्हणून. २०२४ च्या ऑगस्टमध्ये बदलापूरच्या एका शाळेत बालवर्गातल्या दोन मुलींवर अत्याचार झाल्याचं उघड झालं. २० ऑगस्टला लोक रुळांवर उतरले आणि लोकल कित्येक तास ठप्प झाली. दुसऱ्या दिवशी, २१ ऑगस्टला, सरकारने नवा निर्णय काढला: महिन्याभरात सीसीटीव्ही, तक्रारपेटी, कर्मचाऱ्यांची पार्श्वभूमी तपासणी आणि पुन्हा तीच सखी सावित्री समिती. अडीच वर्षांपूर्वीची समिती किती ठिकाणी कागदावरच राहिली होती हे त्यानंतर दिसलं. ती झाली नाही त्याला अनेक कारणं असतील. एक कारण मला स्पष्ट दिसतं. ‘समिती नेमा’ हा आदेश आणि ‘सेल्फी पॉइंटचा फोटो टाका’ हा आदेश शाळेत एकाच आवाजात, एकाच ‘तातडीचे’ या शिक्क्याने पोचतो. दोन्हींचं उत्तरही एकच असतं: नमुना भरून पाठवला. शाळेतल्या कुणीतरी हे दोन कागद वेगळे करून, एकाला बाजूला सारून, दुसऱ्यासाठी सगळ्यांना समोर बसवायला हवं होतं. सूचना लिहिणारा मुख्याध्यापक ते करू शकत असे. सूचना पुढे ढकलणारा ते करू शकत नाही, कारण त्याच्या मागे पुढची सूचना उभी असते.

आता तर ढकललेली सूचना मुक्कामाला पोचण्याआधी रद्दही होते. पहिलीपासून हिंदीचा निर्णय १६ एप्रिल २०२५ चा. तो बदलला १७ जूनला, म्हणजे शाळा उघडल्या-उघडल्या. आणि २९ जूनला, रविवारी, दोन्ही मागे घेतल्याचं जाहीर झालं. प्राथमिकचं वेळापत्रक या अवधीत किती वेळा खोडलं-लिहिलं गेलं असेल, ते आपण कल्पनेवर सोडू.

या सगळ्यात शाळेची स्वतःची बातमी कुठे गेली? ती आहे, पण पातळ झाली आहे. वाढदिवस गटावर येतो आणि त्याखाली केकची चित्रं ओळीने पडतात. वडील वारल्याच्या बातमीखाली जोडलेले हात पडतात, आणि त्यांच्या मधोमध कुणीतरी ‘आधार व्हॅलिड-इनव्हॅलिड यादी’ टाकतं. निरोप समारंभ तेवढा अजून जुन्या रीतीने होतो. शाळेत नाव घालताना एक जून ही जन्मतारीख लावण्याची आपल्याकडची जुनी पद्धत. ज्याचा जन्म महिन्याच्या एक तारखेचा, तो आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. म्हणून अठ्ठावन्न पूर्ण करणाऱ्या शिक्षकांची एक मोठी तुकडी दरवर्षी ३१ मे रोजी, भर सुट्टीत, रिकाम्या शाळेतून बाहेर पडते. मग निरोप एप्रिलमध्येच उरकावा लागतो. शाल, श्रीफळ, मसाला दूध, माजी विद्यार्थी, गहिवर, सगळं होतं, आणि दुसऱ्या दिवशी तेच सर निकालपत्रकं करायला पुन्हा हजर असतात. आदल्या दिवशी रडलेल्या सगळ्यांना जरा अवघडल्यासारखं होतं.

ही एक जूनची तारीख २०२५ च्या सप्टेंबरात पुन्हा चर्चेला आली. १ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या सेवेतल्या शिक्षकांनाही टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, उत्तीर्ण व्हावंच लागेल, दोन वर्षांत. ज्यांच्या निवृत्तीला पाच वर्षांहून कमी अवधी उरला आहे त्यांना सूट, मात्र बढती हवी असेल तर त्यांनाही परीक्षा आहे. हे प्रकरण न्यायालयात गेलं होतं ते महाराष्ट्र आणि तमिळनाडूतूनच. मधल्या सुट्टीत निकालाची प्रत फोनवर आली. पानं शंभराहून अधिक, इंग्रजीत. चार ओळींची सूचना कुठूनच आली नाही. मग वीस-पंचवीस वर्षं गणित-विज्ञान शिकवलेली माणसं बोटांवर हिशेब करू लागली: अठ्ठावन्नातून पाच गेले, त्रेपन्न. माझी एक जून कोणत्या सालची? बसतो का सुटतो? माध्यमिक शाळांत तर आणखी एक गुंता. तेच सर आठवीलाही शिकवतात आणि दहावीलाही. नेमणूक कोणत्या गटात आहे, मान्यतापत्रात काय लिहिलं आहे, हे पाहायला लोकांनी घरची ट्रंका-कपाटं उपसली.

त्याच महिन्याच्या ३० तारखेचा पट संच मान्यतेला धरला जातो. म्हणजे एकाच महिन्यात मुलं मोजायची आणि स्वतःची वर्षंही. पट कमी भरला तर अतिरिक्त ठरून समायोजनात मुरबाड-शहापूरकडे जावं लागेल का, हा दुसरा प्रश्न. डोंबिवलीत मराठी शाळेचा पट टिकवणं किती कठीण झालं आहे ते तिथल्या कुणालाही सांगायला नको, कारण तिथल्या शिक्षकांचीही मुलं बऱ्याचदा इंग्रजी माध्यमात असतात.

काही शाळांनी यावर एक मधला मार्ग काढला आहे. गटावर आलेल्या परिपत्रकाची छापील प्रत काढायची, ती डिंकाने सूचनावहीत चिकटवायची, आणि मस्टरवर सही करायला येणाऱ्याने त्या पानाखालीही सही करायची. वही फिरत नाही, एकाच टेबलावर पडून असते, आणि चिकटवलेल्या कागदांनी फुगून तिचा पुठ्ठा मिटत नाही. त्यात मुख्याध्यापकांच्या अक्षरातली ओळ शोधायची तर बरीच पानं उलटावी लागतात. अधूनमधून सापडते. सभा, शनिवारी, शाळा सुटल्यावर. विषय: टीईटीचे अर्ज. वेळ: पाच मिनिटे.